जेल रोडवरचं पार्ट्सचं दुकान: फोटोडायोड झकास, पार्किंगचा आनंदीआनंद

आधीच सांगून ठेवतो, रिव्ह्यू लांबणारे. दुकानाचं नाव टाकत नाही कारण खाली दोन-तीन तक्रारी पण आहेत आणि काकांचं मन दुखवायचं नाहीये. पण इंदूरमध्ये ज्यांनी कधी रेडिओ, टीव्ही, इन्व्हर्टर काहीही उघडलंय त्यांना जेल रोड माहीत असणारच, नॉव्हेल्टी मार्केटच्या बाजूला मोबाइल कव्हरवाल्यांच्या गर्दीत अजून तीन-चार जुनी पार्ट्सची दुकानं तग धरून आहेत, त्यातलंच हे एक. बाहेरून बघाल तर पानाची टपरी वाटेल, आत मात्र छतापर्यंत ड्रॉवर, आणि प्रत्येक ड्रॉवरच्या तोंडाशी त्यातला एक पार्ट नमुना म्हणून सेलोटेपने चिकटवलेला.

झालं असं की मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्ट घेतलाय, लेझरने एका खोलीतून दुसऱ्या खोलीत डेटा पाठवायचा. म्हणजे लाल लेझर मॉड्यूल आर्डुइनोने (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) भराभर चालू-बंद करायचं आणि पलीकडे ते पल्स, म्हणजे प्रकाशाचे झटके, पकडायचे. सरांनी अट घातली की आधी फक्त पल्स पकडून दाखवा, २ मायक्रोसेकंदाचा एक, सेकंदाला १०००, डेटाचं नंतर बघू. मी स्वतः २००५ पर्यंत टीव्ही रिपेअरिंग केलंय, आता विम्याचं काम बघतो, पण सोल्डरिंग आयर्न अजून हातात बसतं, त्यामुळे घरात जाहीर झालं की बाबा करतील. बाबांना काय, बाबा खूष.

पहिली चूक माझीच. दुकानात कोण जाणार, पार्किंगची मारामारी, म्हणून ऑनलाइन मागवलं. 'लेझर रिसिव्हर फोटोडायोड, १० नगांचं पाकीट'. फोटोडायोड म्हणजे प्रकाश पडला की करंट देणारा छोटा पार्ट. आले काळ्या रंगाचे, पाच एमएमच्या एलईडीसारखे दिसणारे. सर्किट लावलं, लेझर मारला, काही नाही. टीव्हीचा रिमोट समोर धरून बटण दाबलं तर मात्र लगेच सिग्नल. तेव्हा ट्यूब पेटली, की हा काळा रंग म्हणजे नुसता रंग नव्हे, तो फिल्टर आहे, दिसणारा प्रकाश अडवून फक्त इन्फ्रारेड आत सोडतो. रिमोटसाठी उत्तम, आमच्या ६५० नॅनोमीटरच्या लाल लेझरला ठार आंधळा. विकणाऱ्याने पानावर कुठेही तसं लिहिलेलं नव्हतं, परत घ्यायलाही नकार दिला. त्या दहातले दोन तर फोटोडायोडच नव्हते, इन्फ्रारेड एलईडी मिसळलेले होते. ओळखायचं सोपं आहे, मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा, फोटोडायोड साधारण ०.६ दाखवतो आणि इन्फ्रारेड एलईडी एकच्या वर, १.१ च्या आसपास.

मग गुपचूप शनिवारी मुलीला मागे बसवून जेल रोड. स्कूटर राजवाड्याच्या अलीकडे कुठेतरी लावली आणि तिथून पायी, कारण जेल रोडवर गाडी लावायला जागा मिळाली तर समजायचं आज लॉटरीचं तिकीट काढायला हरकत नाही.

दुकानात काऊंटरवर एक पोरगा, कानात हेडफोन. त्याला म्हटलं फोटोडायोड पाहिजे, त्याने न बघता तोच काळा पुढे टाकला. मुलगी म्हणाली, "बाबा, हाच नाही ना तो?" तेवढ्यात आतून आवाज आला, "मराठी का? मग आधी सांगायचं ना." आणि मागच्या स्टुलावर बसलेले काका उठून पुढे आले, सत्तरीच्या पुढचे असतील, चष्म्याला दोरी, हातात चिमटा. त्यांनी पार्ट दाखवलाच नाही. आधी विचारलं, पल्स किती रुंदीचा? प्रकाश कुठल्या रंगाचा? किती लांबून? आणि बघणार कशावर, मीटरवर की स्कोपवर (सिग्नलची रेघ स्क्रीनवर काढणारं यंत्र)?

या चार प्रश्नांसाठी मी या दुकानाला चार तारे द्यायला तयार आहे. ऑनलाइन वस्तू घेताना हे कोण विचारतं हो? आम्ही सांगितलं, २ मायक्रोसेकंद, लाल, वीसेक फूट, आणि स्कोप शेजारच्या काकांकडे आहे. त्यांनी मान हलवली, तिसऱ्या रांगेतला एक ड्रॉवर ओढला आणि चिमट्याने एक चपटा चौकोनी पारदर्शक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. बीपीडब्ल्यू३४. ८० रुपये.

आता मुख्य प्रॉडक्टबद्दल. दिसायला अगदी मिश्रीच्या खड्यासारखा, आत काळपट निळसर चौकोन दिसतो, तीच सिलिकॉनची चकती, ७.५ चौरस मिलिमीटर. एवढं मोठं तोंड असल्यामुळे वीस फुटांवरून लेझरचा ठिपका त्याच्यावर आणणं सोपं जातं, हे काकांचं म्हणणं आणि ते शंभर टक्के खरं निघालं. ४३० ते ११०० नॅनोमीटर पकडतो, सगळ्यात जास्त ९०० च्या आसपास, पण ६५० च्या लालला पण एका मिलिवॅटमागे अंदाजे ०.४ मिलिअँपिअर देतो, आपल्याला भरपूर झालं. यात फिल्टरवाला काळा भाऊ पण येतो, तो घेऊ नका, आधीच एकदा तोंड पोळलंय. एका बाजूच्या पायाला छोटा कान असतो तो कॅथोड. तो बॅटरीच्या प्लसला, दुसरा पाय रेझिस्टरमधून मायनसला, आणि दोघांच्या सांध्यावर सिग्नल. बास, एवढंच सर्किट. एक डायोड, एक रेझिस्टर, एक ९ व्होल्टची बॅटरी, आणि बॅटरीच्या तारांवर डायोडच्या अगदी जवळ एक ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक, ज्याच्यावर १०४ लिहिलेलं असतं. तो विसरू नका, पल्सच्या वेळचा झटक्याचा करंट लांब तारांतून बॅटरीपर्यंत जाऊन येण्यापेक्षा या कपॅसिटरमधून येतो.

कॅथोड मायनसकडे लावलात तर रेझिस्टरवर सतत आठेक व्होल्ट दिसतात आणि लेझर मारा नाहीतर टॉर्च मारा, काही हलत नाही. मी लावला होता तसा. वीस वर्षं टीव्ही रिपेअर करून. जाऊ दे.

बॅटरी कशाला, फोटोडायोड तर सोलर सेलसारखा स्वतःच व्होल्ट देतो ना, असा प्रश्न मुलीने काऊंटरवरच विचारला. काकांनी दोन तळहात एकमेकांना चिकटवले आणि मग हळूहळू लांब नेले. म्हणाले, बेटा, हा डायोड म्हणजे आतून कपॅसिटर पण आहे. बिनबॅटरीचा असताना त्याच्या दोन प्लेटा जवळ, ७० पिकोफॅरड. उलटे, म्हणजे प्लस कॅथोडला, तीन व्होल्ट दिलेस की प्लेटा लांब जातात, २५ वर येतो. नऊ दिलेस तर अजून खाली. कपॅसिटर जेवढा लहान तेवढा लवकर भरतो आणि लवकर रिकामा होतो. मुलगी म्हणाली, सरांनी हेच एका तासात सांगितलं होतं पण डोक्यात नव्हतं गेलं. सर वाचत असतील तर सॉरी सर.

घरी येऊन मात्र मी पुन्हा शहाणपणा केला. एका व्हिडिओत बघितलं होतं की रेझिस्टर १ मेग, म्हणजे दहा लाख ओमचा, लावा, सेन्सिटिव्हिटी वाढते. दुकानातल्या काकांनी पाकिटावर १ के (हजार ओम) लिहून दिलं होतं, मी म्हटलं मेग लावून बघू, जास्त ते चांगलं. स्कोप शेजारच्या काकांचा. ते कॅटमधून रिटायर झालेत. बाहेरगावच्या वाचकांसाठी, कॅट म्हणजे १९८४ साली सुरू झालेलं लेझर आणि अ‍ॅक्सिलरेटरचं केंद्र, २००५ मध्ये राजा रामण्णांचं नाव दिलं गेलं पण आमच्याकडे अजून रिक्षावाल्याला कॅटच म्हणावं लागतं, आणि तिथे इंडस-२ नावाचं अडीच गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टचं सिंक्रोट्रॉन आहे. म्हणजे ज्या माणसाने आयुष्यभर खऱ्या लेझरवर काम केलं त्याच्या डायनिंग टेबलावर आम्ही चाळीस रुपयांचं लेझर मॉड्यूल घेऊन बसलो. स्कोप जुना, २० मेगाहर्ट्झचा, इंदूरच्याच कंपनीचा, हिरवी रेघ, पण ठणठणीत.

तर १ मेग लावल्यावर काय दिसलं. पल्स यायचा, एकदम उभा चढायचा, ९ व्होल्टला डोकं आपटायचा आणि मग बागेतल्या घसरगुंडीसारखा हळूहळू खाली यायचा. २ मायक्रोसेकंदाचा पल्स स्क्रीनवर दोनेकशे मायक्रोसेकंद पसरलेला. मी म्हटलं डायोड स्लो आहे, दुकानातल्या काकांनी फसवलं. शेजारचे काका काही बोलले नाहीत, चहा ढवळत राहिले, मग म्हणाले, "गुणाकार करा ना."

केला गुणाकार. डायोडचे वीसेक पिकोफॅरड, ब्रेडबोर्डचे चार-पाच, प्रोबचे, म्हणजे स्कोपच्या टोकदार तारेचे, त्यावेळी शंभरच्या वर (हा प्रोबचा किस्सा खाली येतो). रेझिस्टर गुणिले कपॅसिटर म्हणजे वेळ. मेगला हा वेळ शंभरेक मायक्रोसेकंदाच्या घरात जातो, म्हणजे पल्स संपून कितीतरी वेळ झाला तरी सिग्नल बिचारा उतरतोच आहे. आणि दुसरं, आपला लेझर साधारण ३ मिलिवॅट डायोडवर पडत होता, म्हणजे १.२ मिलिअँपिअर. ते १ मेगमध्ये म्हणजे १२०० व्होल्ट हवेत! ९ व्होल्टच्या बॅटरीतून कुठून देणार. डायोडवरचं उलटं व्होल्टेज संपलं की तो सुस्तावतो, तो वेगळाच. १० के लावून बघितला, त्याला पण १२ व्होल्ट पाहिजे होते, तरी डोकं आपटलंच. मग मुकाट्याने काकांनी लिहून दिलेला १ के. आणि स्क्रीनवर १.२ व्होल्टचा चौकोनी पल्स. चौकोनी! कोपरे किंचित गोलसर पण चौकोनी. मुलीने लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकला.

१ रुपयाचा रेझिस्टर होता तो. दहाचं पाकीट दहाला.

आता प्रोब. त्या गोलसर कोपऱ्यांचं कारण प्रोब निघालं. स्कोपच्या प्रोबवर १एक्स आणि १०एक्सची छोटी कळ असते, शेजारच्या काकांची जुनी प्रोब नुसती १एक्सची होती आणि १एक्सला प्रोब स्वतःच शंभर पिकोफॅरडचं ओझं सर्किटवर टाकते. १०एक्सला ते पंधराच्या आसपास येतं, सिग्नल मात्र दहावा हिस्सा दिसतो. पुढच्या शनिवारी परत जेल रोड, प्रोब ३५० रुपये, आणि चढायला जो वेळ तीनशे नॅनोसेकंदाच्या आसपास लागत होता तो नव्वदीवर आला. हिशोबाने पण तेवढाच येतो, १ के गुणिले ४० पिकोफॅरड गुणिले २.२ म्हणजे ८८ नॅनोसेकंद. कागदावरचं गणित आणि स्क्रीनवरची रेघ इतकी जुळलेली मी टीव्हीच्या धंद्यात कधी बघितली नव्हती, तिथे तर अर्धं काम थापटी मारून व्हायचं.

मीटरवाल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो कारण मुलीच्या ग्रुपमधला एकजण यातच दोन दिवस अडकला होता. त्याच्याकडे स्कोप नाही, त्याने मीटर लावला, डीसी व्होल्ट, आणि त्याला दिसले अडीच मिलिव्होल्ट. ट्यूबलाइट लावली तर त्याहून जास्त! त्याने सर्किट फेकायला काढलं. अरे बाबा, सेकंदाला १००० पल्स, प्रत्येक २ मायक्रोसेकंदाचा, म्हणजे हजारातले दोन भाग वेळ लेझर चालू, ९९८ भाग बंद. मीटर सरासरी दाखवतो, १.२ व्होल्टचे हजारातले दोन भाग म्हणजे २.४ मिलिव्होल्ट. बरोबरच होतं त्याचं सर्किट. डोळ्याला पण तसा लेझर मंद दिसतो आणि माणूस फसून वाकून बघायला जातो. ते अजिबात करू नका, मॉड्यूलवर ५ मिलिवॅट लिहिलंय, प्रोग्रॅम अडकला आणि पिन चालूच राहिली तर पूर्ण ५ मिलिवॅट डोळ्यात. आरशासमोर, स्टीलच्या डब्यासमोर पण सांभाळून, आमच्याकडे एकदा फ्रीजवरून ठिपका परत आला होता, तेव्हापासून लेझर बंद करूनच हात घालायचा असा नियम झालाय.

आता तक्रारी. पहिली, तो हेडफोनवाला पोरगा. मला हौस होती की ऑपअँप (सिग्नल मोठा करणारा आयसी) लावून बघू, करंटचं व्होल्टेज करणारा ट्रान्सइम्पीडन्स अँप्लिफायर, नाव पण किती भारी. काका म्हणाले, तुम्हाला गरज नाहीये, सिग्नल आधीच व्होल्टभर आहे. तरी मी म्हटलं द्या, शिकायला होईल. त्यांनी आतून सांगितलं टीएल०७२ दे, पोऱ्याने पुडीत एलएम३५८ टाकला. दोन्ही आठ पायांचे, पाय पण जागच्या जागी सारखेच, त्यामुळे लावून टाकला आणि पल्सच्या जागी इवलासा त्रिकोण. एलएम३५८ चं आउटपुट एका मायक्रोसेकंदात जेमतेम ०.३ व्होल्ट हलतं, २ मायक्रोसेकंदात तो उठून बसेपर्यंत पल्स गावाला पोचलेला. अर्धा रविवार गेला वरचं नाव भिंगातून वाचेपर्यंत. बदलून दिला, पण "खोलके लगाया हुआ माल वापस नहीं होता" हे ऐकून घ्यावं लागलं, काका जेवायला गेले होते तेव्हा. ते आल्यावर विषय मिटला. पुडीवर नाव लिहीत जा एवढंच म्हणणं आहे, पेन तिथेच असतो.

खरा टीएल०७२ लावल्यावर काय झालं ते पण सांगतो, कारण काकांचं म्हणणं किती पक्कं होतं ते कळेल. आउटपुटहून इनपुटला १०० केचा फीडबॅक रेझिस्टर, दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या. सरळ लेझर मारला तर तो १२० व्होल्ट मागतो, अर्थातच भिंतीला डोकं. मग समोर बटर पेपर धरला, प्रकाश विखुरला, डायोडवर वीसेक मायक्रोअँपिअरचा पडला, तेव्हा कुठे २ व्होल्टचा पल्स दिसला, पण तो देवळातल्या घंटेसारखा वाजत होता, वर गेला की खाली, परत वर. फीडबॅक रेझिस्टरला समांतर साडेसहा-सात पिकोफॅरडचा कपॅसिटर हवा. तो दुकानात होता, पिवळा ठिपक्याएवढा, दोन रुपये. लावल्यावर घंटा थांबली. पण चढायला १.४ मायक्रोसेकंद! आमचा पल्सच २ चा. म्हणजे २५ रुपयांचा आयसी, दोन बॅटऱ्या, तीन तासांची खटपट, आणि १ रुपयाच्या रेझिस्टरपेक्षा पंधरापट मंद. अंतर वाढलं, प्रकाश खरंच मंद झाला तर अँप्लिफायर लागेलच, पण तेव्हा मग वेगवान ऑपअँप शोधावा लागेल, तो या दुकानात मिळेल असं वाटत नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, मागवून देईन, पण आधी गरज दाखव.

दुसरी तक्रार, बिल. मागितलं तरच मिळतं आणि मागितलं की पोऱ्याचा चेहरा आंबट. कॉलेजला प्रोजेक्टच्या खर्चासाठी लागतं म्हणून सांगितलं तेव्हा दिलं. तिसरी पार्किंगची, पण ती दुकानाची नाही, ती जेल रोडची.

एक चूक मी दुकानावर ढकलायला निघालो होतो ती पण कबूल करतो. पल्स २ चा सोडला तरी स्क्रीनवर अडीचच्या वर दिसायचा. मला वाटलं डायोड. निघाला ट्रान्झिस्टर, लेझर चालू-बंद करायला मी घरातला जुना बीसी५४७ लावला होता, तो पूर्ण चालू केला की बंद व्हायला आळस करतो. त्याच्या जागी २एन७००० मॉसफेट (दुसऱ्या जातीचा ट्रान्झिस्टर) लावला आणि पल्स २ वर आला. डायोड बिचारा जे आहे तेच दाखवत होता.

एसएफएच२०३ पण घेतला होता तुलनेसाठी, ४५ रुपये. त्याची चकती फक्त १ चौरस मिलिमीटर, कपॅसिटन्स एकदम कमी, कागदावर ५ नॅनोसेकंदाचा. पण आमच्या सर्किटात प्रोब आणि बोर्डच वीसेक पिकोफॅरडचे, त्यामुळे चढायचा वेळ नव्वदीवरून पन्नाशीवर आला एवढंच, आणि वर प्लास्टिकचं भिंग असल्यामुळे सरळ समोरूनच बघतो, लेझर किंचित हलला की सिग्नल गायब. वीस फुटांवर त्याला नेम धरून बसवणं म्हणजे मकर संक्रांतीला दुसऱ्याच्या गच्चीवरचा पतंग कापण्यासारखं. हौशी माणसाने बीपीडब्ल्यू३४ घ्यावा. पल्स पन्नास-शंभर नॅनोसेकंदाचे असतील तर मात्र एसएफएच२०३ आणि ५० ओमचा रेझिस्टर, पण मग १.२ व्होल्टच्या जागी ६० मिलिव्होल्टच हातात येतात हे लक्षात ठेवा. वेग घ्या नाहीतर व्होल्टेज घ्या, दोन्ही एका रेझिस्टरमधून मिळत नाहीत.

बाकी खोलीतल्या प्रकाशाचं. ट्यूब आणि काही स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आपली वीज ५० हर्ट्झची म्हणून, आणि ती लाट सिग्नलखाली हलत राहते. उपाय घरात सापडले. जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाची काळी डबी, तिच्या झाकणाला भोक, डायोड आत. आणि भोकावर गणपतीच्या मखराला आणलेलं लाल जिलेटिन, एक तुकडा उरला होता. लाल आरपार जातो, बल्बचा निळा-हिरवा बराच अडतो. उरलीसुरली लाट १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि पुढे १० केचा रेझिस्टर टाकून घालवली, २ मायक्रोसेकंदाचा पल्स त्यातून सहज निघतो, १०० हर्ट्झ अडतो. मग एलएम३९३ कंपॅरेटर, जो सिग्नल ठरावीक व्होल्टेजच्या वर की खाली एवढंच सांगतो, त्याच्या आउटपुटला प्लसकडे जाणारा पुलअप रेझिस्टर लावावाच लागतो नाहीतर काही येत नाही, हे पोऱ्याने स्वतःहून सांगितलं, हेडफोन काढून. त्याला पण श्रेय द्यायला पाहिजे. तिथून सरळ आर्डुइनोच्या इंटरप्ट पिनला (पल्स आला की लगेच दखल घेणारी), आणि स्क्रीनवर मोजणी: १०००, १०००, ९९९, १०००.

तो ९९९ कुठून आला यावर घरात अजून वाद चालू आहे. मुलगी म्हणते मोजायची खिडकी आणि पल्स जुळत नाहीत म्हणून, मी म्हणतो आजी मधून चालत गेली. सरांनी मान्य केलं, पुढचा टप्पा डेटाचा.

एकूण खर्च, ऑनलाइनचं वाया गेलेलं पाकीट आणि प्रोब सोडून, लेझर मॉड्यूलसकट अडीचशेच्या आत. सर्किटचं गाभ्याचं काम ८० चा डायोड आणि १ चा रेझिस्टर. पार्टला पाचपैकी पाच. दुकानाला चार, काका काऊंटरवर असतील तर. नसतील तर अडीच, आणि पुडी उघडून नाव वाचूनच पैसे द्या. दुपारी दीड ते तीन काका जेवायला जातात, रविवारी बंद. संध्याकाळी सहानंतर गेलात तर गर्दीत कोणी ऐकून घेणार नाही, अकराच्या सुमारास जा, तेव्हा काकांना वेळ असतो आणि ते चार प्रश्न विचारतात. उत्तरं तयार ठेवा, माहीत नसेल तर तसं सांगा, ते चिडत नाहीत.

या शनिवारी मी परत जाणारे. १०एक्स प्रोबचं हुकवालं टोपण सोफ्याखाली कुठेतरी गेलंय, सापडत नाहीये, तेवढं सुटं मिळतं का बघायचंय, आणि थंडी पडलीच आहे तर येताना सराफ्यावरून गराडू (तळलेला मसालेदार कंद).